रामटेके साहेबांची खरेदी समिती

रामटेके साहेब माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण मला काही कळवायचं असलं तर लेखी कळवतात. शनिवारी संध्याकाळी माझ्या दाराखालून घडी केलेला कागद आत सरकतो. 'विषय : डॅक खरेदीबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, समितीची बैठक उद्या सकाळी अकरा वाजता अध्यक्षांच्या निवासस्थानी होईल. कृपया वेळेवर उपस्थित राहावे.' खाली सही, सहीखाली हुद्दा. त्यांच्या आणि माझ्या दारात चार पावलांचं अंतर आहे.

साहेब मूळचे नागपूरचे. सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत उभा जन्म काढून निवृत्त झाले आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत राहायला आले. लग्न केलेलं नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "प्रस्ताव आले होते. त्रुटी निघाल्या."

निवृत्तीनंतर त्यांनी चांगले स्पीकर घेतले, अॅम्प्लिफायर घेतला. राहिला डॅक. मोबाईलमधलं गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. त्या आकड्यांपासून पुन्हा आवाज तयार करून अॅम्प्लिफायरला देणारी डबी म्हणजे डॅक. शौकीन लोक दुकानात जातात, दोन ऐकतात, एक घेऊन येतात. रामटेके साहेबांनी समिती नेमली.

समिती तिघांची. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य क्रमांक एक, दुसऱ्या मजल्यावरच्या इनामदार बाई, निवृत्त गणित शिक्षिका. सदस्य क्रमांक दोन मी. वर्तमानपत्रात रात्रपाळी करणाऱ्याला रविवारी सकाळी झोपायचं असतं, हा माझा मुद्दा नामंजूर झाला.

"अहो, गाणी तुम्हीच ऐकणार ना? मग तुम्हीच ठरवा की," मी म्हणालो.

"एकट्यानं घेतलेला निर्णय ऑडिटमध्ये टिकत नाही."

"ऑडिट कोण करणार?"

"तो मुद्दा वेगळा आहे."

डबे परत करण्याच्या बोलीवर यायचे, कधी कॅम्पातल्या दुकानातून, कधी ऑनलाइन. एका वेळी तीन. दोनच आले तर बैठक तहकूब, फक्त चहा. तिन्ही डबे टॉवेलखाली झाकलेले असत आणि त्यांना अ, ब, क अशी नावं असत, म्हणजे कंपनी बघून कोणी गुण देऊ नयेत. चाचणीला एक तबला, एक बासरी आणि नागपूरच्या त्यांच्या वस्तीतल्या विहारात कोणीतरी रेकॉर्ड केलेली बुद्धवंदना. वंदनेत तिसऱ्या ओळीनंतर एक माणूस खोकतो. साहेब बोट वर करत. "खोकला डावीकडून आला पाहिजे. आला?"

"आला," इनामदार बाई म्हणत. "त्यांना आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

बाई प्रत्येक डब्याला दहापैकी सहा गुण देत. साहेबांनी खुलासा मागवला तेव्हा म्हणाल्या, "मी कुणाला नापास करत नाही. आणि पहिला वर्ग असा सहज देत नाही."

माझी अवस्था जास्त वाईट होती. एका रविवारी मी अ ला पाच, ब ला सात आणि क ला आठ गुण दिले. साहेबांनी टॉवेल उचलला. खाली एकच डबा होता, तोच तीनदा वाजला होता. पुढच्या बैठकीत त्यांनी इतिवृत्त वाचून दाखवलं, 'सदस्य क्रमांक दोन यांचे कान भरवशाचे नसल्याचे आढळून आले. तथापि उपस्थिती नियमित.'

शेवटी निर्णय होत नसे. साहेब चष्मा काढत आणि ठरलेलं वाक्य म्हणत, "प्रकरण पुढील बैठकीत ठेवण्यात यावं."

असं वर्षभर चाललं. एकदा जिना उतरताना इनामदार बाई थांबल्या. "वर्षभरात त्या घरात एक गाणं पूर्ण वाजलेलं नाही. दोन मिनिटं झाली की हे बंद करतात आणि गुण मागतात. आपण दोघं मिळून एकाला दहा देऊन टाकू. ऐकू दे बिचाऱ्यांना."

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी ब ला दहा दिले. साहेब दोन्ही कागद आलटून पालटून बघत राहिले.

"एकमत?"

"एकमत," बाई म्हणाल्या.

"फेरविचार करायचा असल्यास सदस्यांना मुभा आहे."

"नको हो. छानच आहे तो."

त्यांनी सही केली. त्या दिवशी चहा करायचा ते विसरले.

पुढच्या शनिवारी कागद आला नाही. त्यापुढच्याही आला नाही. समोरच्या घरातून तबला नाही, बासरी नाही, काहीच ऐकू येईना. आधी मला वाटलं, आपल्याला रविवारची झोप मिळाली. चौथ्या रविवारी मी अकरा वाजता त्यांची बेल वाजवली.

साहेब इस्त्रीच्या शर्टात होते. तिन्ही खुर्च्या मांडलेल्या. टेबलावर नव्या डॅकचं खोकं, वर नवी चिकटपट्टी.

"अजून उघडला नाही?"

"उघडला होता. लावला. पूर्ण गाणं ऐकलं." त्यांनी चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. "संपल्यावर सवयीनं गुण विचारले. मग परत बांधून ठेवला."

मी माझ्या खुर्चीत बसलो.

"साहेब," मी म्हणालो, "मला या निवडीवर हरकत घ्यायची आहे."

त्यांनी चष्मा लावला. "हरकतीची मुदत सात दिवस असते. संपली."

"मग काहीच करता येत नाही?"

"विलंब माफीचा अर्ज करता येतो. कारण सबळ लागतं."

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. मी विषय लिहिला, संदर्भ लिहिला आणि 'कारण' या शब्दापाशी माझं पेन अडलं. मग कागद साहेबांनी स्वतःकडे ओढला, खाली वाकून सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

'समितीच्या अनुपस्थितीत अध्यक्षांना आवाज नीट ऐकू येत नसल्याचे निदर्शनास आले आहे.'

मी सही केली आणि इनामदार बाईंना बोलवायला खाली गेलो.