शून्य त्रुटींचा प्रोग्रॅम

इस्पितळात नंबर लावण्याचा प्रोग्रॅम आमच्या कार्यालयाने शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, आणि तीन आठवडे तो काही तयार होत नव्हता. यात कार्यालयाचा दोष नव्हता, हे आधीच नमूद करतो. मी तिथे बावीस वर्षं उपप्रमुख आहे आणि दोष नसण्याचा मला दांडगा अनुभव आहे.

प्रोग्रॅम लिहून झाला होता. पण सगळ्या फायली एकत्र बांधून तो चालता करायचा, म्हणजे बिल्ड करायचा म्हटलं की संगणक म्हणे, फोल्डर सापडत नाही. फोल्डर तर समोर ढळढळीत दिसत होता. त्याचं नाव मोठ्या साहेबांनी स्वहस्ते टाइप केलेलं: नवी दिशा नवी झेप. त्या प्रसंगाचा फोटो जिन्यात टांगलेला आहे.

प्रोबेशनवरच्या मुलीने पाच मिनिटांत रोग ओळखला. नावात मोकळ्या जागा आहेत. यंत्र पहिल्याच जागेपाशी थांबतं, नुसता 'नवी' नावाचा फोल्डर शोधतं, तो मिळत नाही, की हात वर करतं. जागा काढा, नाहीतर अख्ख्या नावाला अवतरणचिन्हं लावा, संपला विषय. तिला घाई होती, कारण शुक्रवारीच तिचं प्रोबेशन संपत होतं. प्रोग्रॅम चालला तर ती कायम, नाहीतर घरी. तिच्या आईने तर हौसेने नात्यागोत्यात 'मुलगी कायम झाली' असं सांगूनही टाकलं होतं.

आम्ही तातडीने समिती नेमली. साहेबांनी दिलेलं नाव बदलणं म्हणजे साहेबांची चूक काढणं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोण पुढे होणार? अवतरणचिन्हांवर आमच्या प्रमुखांनी चष्मा काढून हरकत घेतली. तशी चिन्हं आपण टोमणा मारताना लावतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग मीच तोडगा काढला, आता सांगायला लाज वाटते. यंत्राला 'नवी' नावाचा फोल्डर हवाय ना? मग द्या की करून. दिला. यंत्राने तो उघडला. आत काहीच नव्हतं, त्यामुळे चुकायलाही काही नव्हतं. स्क्रीनवर आलं: बिल्ड यशस्वी, त्रुटी शून्य. प्रमुखांनी माझी पाठ थोपटली. तो प्रोग्रॅम सुरू केला की एक पांढरी चौकट उघडायची, बस्स. समितीने त्यावर 'सुटसुटीत' असा शेरा मारला.

तेवढ्यात त्या मुलीने आपल्या संगणकावर सगळ्या फायली बिनजागांच्या नावाने उतरवून घेतल्या, बिल्ड केला आणि माझ्या टेबलावर चालवून दाखवला. धडाधड नंबर लागत होते. मी स्वतःचाही लावून पाहिला, सत्ताविसावा आला. पोरगी हुशार होती हो.

प्रमुखांनी दोन्ही अहवाल शेजारी-शेजारी ठेवले. तिच्या प्रोग्रॅमला यंत्राने सात किरकोळ इशारे दिलेले, आमच्याला एकही नाही. शिवाय नाव विनामंजुरी. आता कुठला पाठवायचा, हे काय विचारायला हवं?

शुक्रवारी पांढरी चौकट इस्पितळात गेली. मुलीचा कागद माझ्याकडे सहीला आला: 'संस्थेच्या कार्यपद्धतीशी जुळवून घेत नाही.' ती समोरच उभी होती.

"सर, तुम्ही तो चालताना बघितलात ना?"

"बघितला," मी म्हणालो आणि सही केली. तिने कागद उचलला, 'येते' म्हणाली आणि गेली.

इस्पितळाकडून आजवर एकही तक्रार नाही. तक्रारीही त्याच प्रोग्रॅममध्ये नोंदवायच्या असतात.

तुम्ही माझ्यावर चिडला असाल. चिडा, तुमचा हक्कच आहे. पण सकाळपासून त्या पांढऱ्या चौकटीपुढच्या रांगेत तुम्हीही उभे आहात. मघाशी मागचा एक गृहस्थ चौकशी करायला निघाला, तेव्हा "कशाला उगाच, असलेला नंबर जाईल," म्हणत त्याला तुम्हीच तर हाताला धरून थांबवलंत.