कोपरं वाचणारा तात्या

मंगळवार, १७ मार्च १९६४, सकाळी सव्वाअकरा. सांगलीच्या हळद बाजारात सौदा रंगात आला होता आणि गणू तात्या ढिगाकडे पाठ करून उभा होता.

तात्याने हळदीकडे पाहिलेले मला आठवत नाही. तो माणसांची कोपरे पाहतो. इथे सौद्याचा आकडा कोणी ओरडत नाही. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबतात. आकडा त्या दोघांतच राहतो. तात्या मला मात्र निराळेच सांगतो.

"बोटं रुमालाखाली हायत, सुभेदार. कोपर थोडंच रुमालाखाली हाय?"

पूर्वी तो मापाडी होता. घरी पाणी विचारणारे कोणी नाही. म्हणून काम सुटल्यावरही तो रोज येतो आणि उद्याचा भाव सांगतो. "आतली गोष्ट हाय," अशी सुरुवात करतो, आणि ती गोष्ट शेजारच्या गुळाच्या पेठेतही ऐकू जाते.

आरंभी त्याचे अंदाज बरोबर येत. उद्या भाव पडणार, असे तात्या म्हणे. शेतकरी घाबरून सगळा माल दुसऱ्याच दिवशी बाजारात आणत. भाव पडे. मग तात्याने तो ओळखला, की पाडला? लष्करात सुभेदार असताना मी वर्षानुवर्षे नकाशे वाचले. हे मात्र मला उलगडले नाही. तात्याला विचारले, तेव्हा त्याने डोके खाजवले.

"आसं इच्यारू नगा, सुभेदार. मग मलाबी कळंना हुतंय."

पुढे व्यापारी सावध झाले. मुद्दाम कोपरे उडवू लागले. एकाने तर रिकाम्या रुमालाखाली हात हलवून तात्याला दिवसभर फसवले. लागोपाठ तीन अंदाज चुकले. त्याच्याभोवती जमणारी माणसे पांगली. चहा सांगणारेही गेले.

त्या मंगळवारी तो एकटाच होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि जे कोणालाही सांगायचे नव्हते ते सांगितले. आम्हा साताऱ्याकडच्या बारा जणांची हळद सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या तीन पेवांत होती. तिन्ही पेवे संध्याकाळी उघडायची आणि बुधवारी सगळा माल एकदम सौद्याला आणायचा, असे ठरले होते. आधी कळले तर खरेदीदार हात आखडता घेणार, आणि बारा घरांचे वर्षाचे श्रम कवडीमोल होणार. हे मी का सांगितले, ते आजही मला सांगता येत नाही.

तात्याने मान हलवली. एवढ्यात दोन खरेदीदार आले.

"काय तात्या, उद्याचं काय? का कोपरांनी संप केलाय?"

लोक वळून पाहू लागले. कित्येक दिवसांनी त्याच्याभोवती घोळका जमला. त्याच्याजवळ या वेळी खरा अंदाज होता. बोलला असता तर बुधवारी दुपारपर्यंत सारा बाजार त्याच्या पायाशी बसला असता. मी माझी काठी घट्ट धरली.

"आतली गोष्ट हाय," तात्या म्हणाला आणि थांबला.

"मग सांग की गड्या!"

"मला ठावं न्हाई."

हशा पिकला. "म्हातारं संपलं रं!" असे म्हणत खरेदीदार निघून गेले. घोळकाही गेला.

 मग तात्या बोलला, आणि अगदी हळू बोलला. शेजारच्यालाही ऐकू गेले नसेल.

"चाळीस वर्सं ह्या बाजारात हाय मी. आजपातुर मला कुनी आपणहून काय सांगितलं न्हवतं, सुभेदार."

 मी हरिपूरची वाट धरली. दिवस मावळताना तिन्ही पेवांची तोंडे उघडली, आतली कोंडलेली हवा निघून जावी म्हणून तशीच ठेवली, आणि गुरे पडू नयेत म्हणून भोवती बाभळीच्या फांद्या लावल्या.