गुंडी हिरवी पडली तेव्हा

गुंडी अडीच वर्षांची होत आली तरी एकेका सुट्या शब्दापलीकडे जात नाही, या काळजीनं तिच्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. वरच्या मजल्यावरचं गुंडीच्याच वयाचं पोर जिन्यात भेटलं की भाषण ठोकायचं, आणि गुंडी कंटाळलेल्या परीक्षकासारखी त्याच्याकडे बघत राहायची. सासूबाईंचं म्हणणं, एवढं काय त्यात, हिचा बापही उशिराच बोलायला लागला. (धीर द्यायचा होता त्यांना. पण लग्नानंतर आजतागायत तो फारसा बोललेला नसल्यानं आईची काळजी दुप्पट झाली.)

मागच्या वेळी डॉक्टरबाईंसमोर गुंडी मूग गिळून बसली. तेव्हा बाई म्हणाल्या, घरी बोलते तेव्हाचा एक छोटासा व्हिडिओ आणा, म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवता येईल. छोटासा. एखादी शहाणी बाई फोनवर मिनिटभर काहीतरी टिपून मोकळी झाली असती. आईनं मात्र ठरवलं की फोनमधले सहा महिन्यांचे सगळे व्हिडिओ काढायचे, त्यातली गुंडी बोलते ती जागा नेमकी कापायची आणि नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर सगळं जोडून एक देखणी फिल्म करायची. लेकीची बाजू भक्कम मांडायला नको?

भेटीच्या दिवशी सकाळी ती कामाला बसली. गुंडी शेजारी झोपलेली, म्हणून आवाज बंद ठेवला. ओठ हलताना दिसले की कापायचं, पुढचा तुकडा जोडायचा. दुपारी फिल्म जुळली. आता तिची एक फाइल करायची, की झालं. तिनं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं कळवलं: शिल्लक वेळ, साडेपाच तास. डॉक्टरांकडे पोचायचं होतं दोन तासांत.

तिनं इंटरनेटवर धाव घेतली. तिथल्या जाणकारांचं एकमत होतं की सगळं काम प्रोसेसरवर पडतंय. 'हार्डवेअर' लिहिलेल्या चौकोनात खूण करा, म्हणजे ते ग्राफिक्स कार्ड करेल. हे कार्ड नवऱ्यानं 'ऑफिसच्या कामासाठी' घेतलं होतं आणि त्यावर तो गाड्या पळवायचा. म्हणजे एकटी सून राबतेय आणि धाकटे दीर पलंगावर लोळताहेत, असा प्रकार. तिनं सुनेची कड घेऊन खूण केली.

साडेपाच तासांची झाली चार मिनिटं. तिनं खुर्चीतल्या खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या. मग फाइल उघडली.

भिंती गुलाबी होत्या आणि गुंडी हिरवी. साधी हिरवी नाही, कोवळ्या काकडीसारखी. अशी मुलगी दाखवली तर डॉक्टर बोलण्याचा विषयच काढणार नाहीत, सरळ दाखल करून घेतील.

पुन्हा जाणकार. आता निघालं की ड्रायव्हर जुना आहे. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. तो थकला की एक सांगतो एक आणि दुसरा करतो भलतंच. नवा बसवा. तिनं बसवायला घेतला. निम्म्यावर स्क्रीन काळीठिक्कर पडली. तिनं श्वास रोखला, दहा मोजायचं ठरवलं, चारपर्यंत पोचली आणि भिंतीतला प्लग उपटला.

कॉम्प्युटर परत सुरू झाला तेव्हा एकेक अक्षर दुकानाच्या पाटीएवढं झालं होतं. तिनं नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. बहुधा टेबलाखाली वाकून बोलत असावा.

"काळी झाली म्हणून प्लग काढलास?"

"गेला असं वाटलं मला."

"अगं, ती काळी होते आणि परत येते. दरवेळी होतं तसं. जरा थांबायचं."

"एवढं थांबता येत असतं तर डॉक्टरांकडे कशाला गेले असते?"

(त्याच्या साहेबांनीही हे ऐकलं आणि मान डोलावली, असं नंतर कळलं.) मग त्यानं कुजबुजत पायरी पायरीनं सांगितलं: अर्धवट बसलेला ड्रायव्हर मुळापासून काढ, कॉम्प्युटर बंद करून चालू कर, नवा टाक, आणि काळी झाली की हात मांडीखाली घालून बस.

ती बसली. एव्हाना दुपारची झोप काढून उठलेली गुंडीही शेजारी येऊन तशीच बसली. स्क्रीन काळी झाली. आईनं पुन्हा दहा मोजायला घेतले, आणि तेवढ्यात टप्पकन सगळं परत आलं, अक्षरं आपापल्या मापाची, रंग धुतल्यासारखे. चार मिनिटांत फाइल तयार. गुंडी गव्हाळ, भिंती पांढऱ्या. पुढं बघायला वेळच नव्हता. एका हातात पेन ड्राइव्ह, कडेवर मूल घेऊन ती जिना उतरली नाही, तिनं तो ओलांडला.

डॉक्टरबाई पेन ड्राइव्ह जोडत होत्या तोवर आईनं त्यांना ड्रायव्हरची सगळी कहाणी सांगून टाकली. फिल्म सुरू झाली. रंग लाजवाब. आणि पहिल्यांदाच तिला फिल्मचा आवाज ऐकू आला.

"हे काय आहे? सांग. चेंडू. चेंडू ना? म्हण, चें-डू. कुठला रंग? लाल. लाल आहे ना गं? शाब्बास."

प्रत्येक तुकड्यात गुंडीचे ओठ उघडायचे, आणि त्यावर आईचं उत्तर येऊन आदळायचं. फिल्म दहा मिनिटं चालली. तिच्यात एकच व्यक्ती बोलत होती, आणि तिच्या बोलण्यात काहीही दोष नव्हता.

"रंग छान आलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उत्तर द्यायला तिला वेळ किती देता?"

आईनं खुलासा सुरू केला. त्यात प्रोसेसरही आला. बाईंनी हात वर केला आणि हळूच म्हणाल्या, आता आपण दोघी गप्प बसून बघू, काहीही झालं तरी बोलायचं नाही.

आईनं ओठ मिटले. पंखा फिरत राहिला. तिच्या घशाशी सात वाक्यं येऊन परत गेली. गुंडीनं खेळण्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि बघतच राहिली. खुर्चीवरून घसरून ती आईजवळ आली, दोन बोटांनी तिचे ओठ उघडून आत डोकावली. चेहरा गंभीर झाला. मग ती डॉक्टरबाईंकडे वळली आणि म्हणाली,

"माझी आई बोलत नाहीये. औषध दे तिला."