दाजीकाकांचं हवेशीर खुराडं

दाजीकाका रोज सकाळी साडेआठ वाजता कोंबड्यांना उदबत्ती ओवाळतात. निदान आमच्या चाळीत नव्याने राहायला येणाऱ्याला तसंच वाटतं. मागे चार नंबरमध्ये आलेल्या बाईंनी तर चपला काढून खुराड्याला हात जोडले होते आणि आतल्या कोंबड्याकडे बघत "कुठलं देवस्थान हे?" असं मला हळूच विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं, देव वगैरे काही नाही, काका धूर बघतायत. धूर वरच्या जाळीतून सरळ बाहेर गेला तर हवा खेळती आहे. आतच घुटमळला तर काकांना जेवण जात नाही.

भांडुपच्या डोंगरउतारावर आमची बैठी चाळ. खोल्यांच्या मागे डोंगर थोपवणारी दगडी भिंत, आणि मधे जेमतेम सहा फुटांची पट्टी. तिला आम्ही ऐटीत परस म्हणतो. तिथे काकांच्या सहा कोंबड्या आणि एक कोंबडा राहतात. मुळात त्या काकूंच्या. काकू होत्या तोवर खुराडं म्हणजे आंब्याचं उलटं खोकं आणि वर एक दगड, एवढंच होतं. काका तेव्हा तिकडे फिरकतही नसत. पाच वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि काकांनी खोक्याला पहिलं भोक पाडलं.

आज त्या खुराड्याला आठ झरोके आहेत. माझ्या स्वयंपाकघराला खिडकी एक, तीही खुराड्याकडे उघडणारी. पाडलेल्या इमारतींच्या खिडक्यांच्या जाळ्या, मोडक्या संगणकातला छोटा पंखा, सरकती फळी, पावसाची झड अडवायला ताडपत्रीचा पडदा, सगळं काकांनी गोळा करून ठोकून बसवलंय. मी मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम करते. काका नेमके त्याच दिवशी हातोडा काढतात. एकदा आमच्या साहेबांनी मीटिंग थांबवून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे रिडेव्हलपमेंट सुरू झालं का?" आता काय सांगणार, कोंबड्यांचं झालंय म्हणून?

"गो बाय, वारो खेळाक व्हयो," म्हणजे वारा खेळायला हवा, हे काकांचं मालवणी पालुपद. मी तक्रार करायला गेले की हातातला खिळा तोंडात धरून ते मलाच शिकवतात. "कोंबी बसता थंय वारो लागलो काय तिका सर्दी. वारो डोक्यावरसून जावक व्हयो. खालसून घेवचो, वरसून सोडूचो." माणसांच्या बाबतीतही त्यांचं निदान हेच. माझी कंबर आखडली, तर त्यांनी माझ्या खोलीची हवा तपासली. शेजारच्या पोरीला गणितात कमी मार्क पडले, "खिडकी उघडी ठेव," म्हणाले.

हे सगळं ज्ञान उमेशचं. उमेश त्यांचा एकुलता एक मुलगा. मोठमोठ्या ऑफिसांच्या इमारतींत हवा कुठून घ्यायची आणि कुठून सोडायची, हे ठरवणारा इंजिनियर. राहतो कांदिवलीला. दुबईला असता तर सुट्टी काढून वर्षातून एकदा तरी आला असता. कांदिवलीहून काय, कधीही येता येतं, त्यामुळे तो येतच नाही. मुलगा वाईट नाही हो. कामात बुडालेला असतो, इतकंच. बापाने खुराड्याची अडचण सांगितली की रात्री वेळ काढून मोबाइलवर नकाशा पाठवतो, निळे बाण आत येणाऱ्या हवेचे, लाल बाण बाहेर जाणाऱ्या हवेचे. काका नाक्यावर जाऊन त्याची छापील प्रत काढतात आणि तिला प्लास्टिकचं आवरण करून घेतात. त्यांच्या खोलीत एका भिंतीवर काकूंचा फोटो आणि बाकी तिन्ही भिंतींवर बाण.

एका गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात असा वास शिरला की चहाचं आधण तसंच टाकून मी परसात धावले. इतक्या वर्षांत त्या खुराड्याचा कधी वास आला नव्हता, तेवढं श्रेय मी काकांना देते. म्हटलं, आज सोडायचं नाही. बघते तर काका शिडीवर चढून वरच्या झरोक्यांत गोणपाटाचे बोळे कोंबतायत. स्वतःच्या हाताने!

"काका, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कोंबड्या गुदमरतील ना!"

काका दचकले. खाली उतरले. बराच वेळ गोणपाटाचे धागे ओढत राहिले.

"फोन झालो काय काढतंय," म्हणाले. "रोज नाय करणंय. फोन करूचो आसलो काय तेवढ्यापुरता."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. "काम आसा म्हटलां की उमेश धा मिनटां बोलता. वास खंयसून येता, धूर खंय जाता, सगळां इचारता. काम नाय म्हटलां तर 'बरे आहात ना? ठेवतो बाबा.' आता खुराड्यात काम उरलां नाय गो. मगे काय सांगू तेका?" आणि घाईने पुढे म्हणाले, "कोणाक सांगू नको हां."

मी भांडायला गेले होते, ते विसरूनच गेले. घरी आले तर चहा उतू गेलेला. तो पुसता पुसता आठवलं, माझ्याही आईचा सकाळचा फोन मी तीन वाक्यांत संपवला होता.

पुढच्या आठवड्यात काका माझ्या दारात. दाढी केलेली, चेहरा फुललेला. "रविवारी उमेश येतलो! एवढां सगळां करून पण वास जाणा नाय म्हटलंय, तर म्हणालो, मी स्वतः येऊन बघतो."

रविवारी सकाळी मी शिडी धरली आणि काकांनी बोळे कोंबले. हो, मीही त्या पापात सामील झाले. कोंबड्या तेवढ्यापुरत्या भिंतीपाशी दाणे टिपत होत्या. घरात आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं तयार होतं. परसात सात पाखरं असून जेवण शाकाहारी, कारण काकूंच्या कोंबड्यांना सुरी लावायची काकांची छाती नाही. मलाही जेवायचं आमंत्रण होतं.

साडेबाराला फोन वाजला. "बाबा, अचानक साइटवर यावं लागलं. तुम्ही व्हिडिओ लावा ना, इथूनच बघतो."

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि उदबत्ती पेटवून शिडीवर चढले. धूर आतच फिरत राहिला.

"थांबा. मोबाइल वर घ्या. अजून वर. बाबा, तिथे गोणपाट कोंबलंय कुणीतरी! सगळे झरोके बंद आहेत."

"उंदरांनी ओढल्यानी आसतीत," काका म्हणाले.

"काढून टाका ते. बाकी डिझाइन एकदम परफेक्ट आहे. आता काहीच करू नका. चला, ठेवतो, लोक थांबलेत."

दीड मिनिटही झालं नसेल. मला उमेशचा भयंकर राग आला होता. वर बघायचा धीर होईना.

"बघितलंस?" वरून काकांचा आवाज आला. "थंय लांब बसान, नुसत्या मोबायलात बघून पकडल्यान! हुशार आसा माझो झिल."

"हो काका," मी म्हटलं.

मुलाने सांगितलं म्हणून त्यांनी एकेक बोळा काढला. उदबत्तीचा धूर भराभर वर निघाला आणि बाहेर गेला. ते बघताना मात्र त्यांचे खांदे पडले. आता खरोखरच काही काम उरलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "थंडीत तुमच्या कोंबड्या अंडी कमी देतात ना? मला वाटतं, आत उजेड कमी पडतो."

काका शिडीवरून वाकले. खुराड्याच्या आत डोकं घालून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"व्हय गो," ते म्हणाले. "काळोख आसा. उमेशाक इचारूक व्हया."

मग आम्ही जेवायला बसलो. पानं तिघांची मांडलेली होती. तिसरं त्यांनी उचललं नाही, मीही तसंच राहू दिलं.