विळीचं अपील

आमच्या सोसायटीच्या फळ्यावरून एखादा कागद काढला गेला, की त्याच जागी दुसरा कागद लागतो. पहिला का काढला, याचा. खाली सही असते: म. द. वानखेडे, निवृत्त, पाटबंधारे. आणि सहीच्या खाली बारीक अक्षरांत: ‘निर्णय मान्य नसल्यास अपील सायंकाळी पाच ते सहा, पार्किंगमधील निळी खुर्ची.’

बिबवेवाडीत इतर इमारतींच्या फळ्यांवर लोक वाटेल ते लावतात आणि वाटेल तो येऊन ते फाडतो. आमच्याकडे तसं होत नाही. फळा वानखेडेकाकांकडे कुणी सोपवला हे आज कुणालाच आठवत नाही, पण तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा तर कारण द्यावं लागेल, म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही.

एकदा कुठल्याशा योगवर्गाची जाहिरात लागली होती: ‘एका आठवड्यात आयुष्य बदला.’ दुपारपर्यंत ती गेली आणि खुलासा आला: ‘दाव्याला पुरावा जोडलेला नाही. तसेच बदल न आवडल्यास पूर्वीचे आयुष्य परत मिळण्याची सोय दिसत नाही.’

माझाही कागद गेला. मी लिहिलं होतं, ‘गाडी नीट लावा. डोकं आहे ना?’ त्यावर खुलासा: ‘दुसऱ्या वाक्यातील चौकशीचा पार्किंगशी संबंध नाही. पहिले वाक्य ठेवण्यास हरकत नाही.’ मी तणतणत निळ्या खुर्चीपाशी गेले, तर खुर्चीत आमचे इस्त्रीवाले शिंदे बसलेले. काका बाजूला उभे.

“ज्यानं कागद काढला, त्यानंच अपील ऐकायचं नसतं, ताई,” काका म्हणाले.

शिंदेंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, समोरच्याच्या डोक्याबद्दल शंका घ्यायचा मला पूर्ण अधिकार आहे हे मान्य केलं आणि अपील फेटाळलं. कारण विचारल्यावर म्हणाले, “गाडीवाल्यांचे कपडे माझ्याकडं असतात.” काकांनी हे कारणही फळ्यावर लावलं.

‘कारण?’ हा काकांचा आवडता शब्द. कंडक्टर म्हणाला बस पुढे जाणार नाही, की काका म्हणतात, “कारण?” डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा काकांची मीठ सोडायला हरकत नव्हती, पण डॉक्टरांना कारण द्यायला इतका वेळ लागला की बाहेरचे दोन पेशंट आपोआप बरे होऊन घरी गेले. भाजीवाली तर त्यांना येताना बघूनच मेथीच्या भावामागची सगळी हकिकत सांगायला सुरुवात करते.

ही सवय खडकवासल्याची. यवतमाळकडचा हा माणूस नोकरीसाठी इकडे आला आणि सगळी उमर धरण-कालव्यावर घालवली. कालव्याचं दार उघडलं तर का उघडलं आणि बंद केलं तर का बंद केलं, हे लिहून ठेवायचं, आणि टोकाच्या गावचा शेतकरी सायकल मारत विचारायला आला की त्याला तोंडाने सांगायचं. “पाणी नाही मिळालं तर माणूस एक वेळ सहन करते, ताई,” ते म्हणतात. “का नाही मिळालं हे नाही कळलं, तर रात्रभर बांधावर बसून राहते.” एरवी पुण्याचं बोलणारे काका, बांध आणि पाणी निघालं की असे मध्येच यवतमाळला जाऊन येतात.

अशा माणसाची गाठ एका व्हिडिओच्या कंपनीशी पडली.

झालं असं. गेल्या काही वर्षांपासून काकू विसरतात. आधी चष्मा विसरायच्या, मग गॅस, मग माणसं. काका त्यांना सोडून कुठे जात नाहीत. काकू चांगल्या असताना काकांनी त्यांचा एक व्हिडिओ काढला होता: काकू स्वयंपाकघरात जमिनीवर, विळीच्या पाटावर एक पाय मुडपून बसल्यात आणि कोबी चिरतायत. बाकी काही नाही. कोबी मात्र असा बारीक, की बघत राहावं. हा व्हिडिओ काकांनी आपल्या खात्यावर टाकला, जर्मनीत असलेल्या त्यांच्या मुलीने, वृषालीने, तो तिच्या खात्यावर पुढे पाठवला, आणि नंतर काकांचा तो फोन कालव्याकाठी फिरताना पाण्यात पडला. त्या वेळी आवर्तन चालू, म्हणजे शेतीला पाणी सोडलेलं असल्यामुळे तो बहुधा इंदापूरपर्यंत गेला असावा.

तर व्हिडिओ उरला फक्त त्या कंपनीकडे. आणि रोज दुपारी जेवताना काकूंना तो लागायचा. समोर व्हिडिओ लावला की त्या जेवायच्या. स्वतःला त्या ओळखत नव्हत्या. “कोण हो ही बाई? हात चांगलाय हिचा,” असं म्हणायच्या. कधी म्हणायच्या, “हिला ठेवून घ्या कामाला. तुमच्यापेक्षा बरी चिरते.” काका मान डोलवायचे आणि घास द्यायचे.

एके दिवशी व्हिडिओ गायब. तिथे एक ओळ: ही पोस्ट आमच्या नियमांत बसत नाही.

मी आयटीत आहे, म्हणजे जगातल्या यच्चयावत मोबाइलची जबाबदारी माझ्यावर आहे, अशी सोसायटीची समजूत आहे. काका फोन घेऊन दारात उभे राहिले. “कोणता नियम? कुठं नाही बसत? कुणी ठरवलं?” मी म्हटलं, काका, ते असं सांगत नाहीत. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की धरण मीच फोडलं असावं.

आपल्याकडेही अशा कंपनीत एक तक्रार अधिकारी असतो. काकांनी त्याला लिहिलं. उत्तर आलं: ‘आम्ही निर्णय पुन्हा तपासला. तो योग्य आहे.’ काका दिवसभर ते वाक्य उलटसुलट करून बघत होते.

तिकडे जर्मनीत वृषालीचीही पोस्ट त्याच दिवशी गेली होती. पण तिला पानभर मजकूर आला. कोणत्या नियमाखाली पोस्ट काढली, कशामुळे काढली, निर्णय माणसाने घेतला की यंत्राने, पटत नसेल तर कंपनीत कुठे दाद मागायची, तिथे नाही जमलं तर बाहेरच्या कुठल्या त्रयस्थाकडे जायचं, आणि शेवटी कोर्ट आहेच. वृषालीने ते फोनवर वाचून दाखवलं. काकांनी डोळे मिटून, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून ऐकलं. गुन्हा होता: धारदार शस्त्राचं प्रदर्शन. निर्णय यंत्राचा.

“आरोप बिबवेवाडीतल्या बाईवर आणि आरोपपत्र जर्मनीला,” काका म्हणाले. “कारण?”

मी सांगायचा प्रयत्न केला. नियम आपल्याकडेही आहेत, पण तिकडच्या कायद्याने कंपनीकडून पानभर लिहून घेतलंय, इथे एका ओळीत भागतं असं कंपनीला वाटतं.

“म्हणजे धरण एकच. उजव्या कालव्याला कारण द्यायचं आणि डाव्याला नाही.”

“साधारण तसंच.”

“मग आपण उजव्या कालव्यातून जाऊ.”

आणि विळीचं अपील जर्मनीतून दाखल झालं. अपिलाची तयारी आमच्या पार्किंगमध्ये. विळीचे चारही बाजूंनी फोटो निघाले, शेजारी फूटपट्टी ठेवून. टोकाची खवणी कशासाठी हे दाखवायला एक नारळ खवला गेला, त्याच्या वड्या सगळ्यांना मिळाल्या. शिंदेंनी कॅमेऱ्यात बघून साक्ष दिली की या विळीनं आजवर कोबी सोडून कुणाला धक्का लावलेला नाही. वृषाली बिचारी ऑफिस सांभाळून हे सगळं तिकडच्या भाषेत घालत होती.

कंपनीत दाद लागली नाही, तेव्हा प्रकरण बाहेरच्या त्रयस्थाकडे गेलं आणि त्याने एक शंका काढली. व्यक्ती शस्त्रावर बसलेली का आहे?

काका खूश झाले. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना कारण विचारलं होतं. त्यांनी उत्तर सांगितलं, “शस्त्र हलू नये म्हणून.” वृषालीने शस्त्र हा शब्द बदलला, म्हणून केस वाचली.

या सगळ्या काळात काकूंचं जेवण थांबलं होतं. काका दुसरे व्हिडिओ लावून बघायचे, कुणाकुणाच्या पाककृती. काकू तोंड फिरवायच्या. मग काका स्वतःच समोर विळी घेऊन बसायला लागले. काकू म्हणायच्या, “हा कोबी आहे का सरपण?” आणि मग दाराकडे बघत, “ती बाई नाही आली आज? खाडा केला? कारण सांगितलं का काही?”

हे मला काकांनी निळ्या खुर्चीत बसून सांगितलं. समोर कुणाचं अपील नव्हतं. “मला कारण नाही सांगितलं तरी चालेल हो,” ते म्हणाले. “पण ही रोज विचारते. हिला काय सांगू?” आयुष्यभर टोकाच्या गावाला उत्तर दिलेल्या माणसाला घरात उत्तर देता येत नव्हतं, आणि त्या वेळी मला त्या कंपनीचा जो राग आला, तो फळ्यावर लावण्यासारखा नव्हता.

निकाल लागला. विळी हे स्वयंपाकाचं साधन असून पोस्ट परत ठेवावी. वृषालीच्या खात्यावर व्हिडिओ परत आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी आपला फोन उघडला. तिथे लिहिलं होतं: हा मजकूर तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या बायकोची विळी जर्मनीत विळी आणि बिबवेवाडीत तलवार.”

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी त्यांच्याकडे वाटीभर आमटी घेऊन गेले. काकू जेवत होत्या. समोर काकांचा फोन डब्याला टेकवून उभा केलेला, व्हिडिओ कॉल चालू. तिकडे सकाळ होती. वृषालीने आपला फोन स्वतःच्या लॅपटॉपपुढे धरला होता आणि लॅपटॉपवर काकू कोबी चिरत होत्या.

“तुझ्याकडे आली होय ही?” काकू घास चावत वृषालीला म्हणाल्या. “नीट सांभाळ हो. चांगली बाई आहे.”

“हो गं आई,” वृषाली म्हणाली. तिने फोन स्वतःकडे वळवला. काकू तिच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, “वृषे, केस बांध आधी. कशी फिरतेस अशी?” पलीकडे वृषालीने मुकाट्याने केस बांधले. मग तिला ऑफिसला उशीर व्हायला लागला.

फोन बंद झाला. मला राहवलं नाही. आयटीची खाज. “काका, रोज हा खटाटोप कशाला? वृषालीला सांगा, व्हिडिओ उतरवून तुम्हाला पाठवून देईल. एका मिनिटाचं काम आहे.”

काकांनी काकूंकडे बघितलं. मग फोन माझ्यापुढे धरला आणि बोटाने दाबला. व्हिडिओ चालू झाला. स्वच्छ, अडथळ्याशिवाय. कोबी, विळी, सगळं.

“निकाल लागला त्याच दिवशी पाठवला तिनं,” ते म्हणाले. “मी सांगितलं, इथं उघडत नाही.”

पूर्वी वृषालीचा फोन रविवारी यायचा. तोही दर रविवारी नाही. काका फोन खिशात ठेवत म्हणाले, “हे तिला कळता कामा नये, ताई.”

“कारण?” मी विचारलं.

“कारण देण्यात येणार नाही,” वानखेडेकाका म्हणाले, आणि त्यांनी काकूंच्या ताटात आणखी थोडा कोबी वाढला. जाडाच चिरला होता.

संध्याकाळी पाच ते सहा मी घरीच बसले.