शालूमावशीची फुंकर

ऑक्टोबरचा उकाडा. लालबागमधल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत एक बाई उभी आहे. अंगात रेशमी ब्लाउज, त्यावर स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर, त्यावर पुरुषी जाकीट आणि गळ्याला मफलर. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटप गळतोय. समोर स्टुलावर बसलेली शालूमावशी पदराने स्वतःला वारा घालत तिला सांगते, "आता वाक." बाई वाकते. "हात वर कर." बाई हात वर करते. "बघ, कंबर उघडी पडली. तिथूनच गारठा शिरणार." आणि मावशी सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

मला या शालूमावशीचा राग येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

शालिनी परुळेकर, सत्तरी ओलांडलेली. मुंबई आणि मालवण सोडून तिसरं गाव पाहिलेलं नाही. बर्फाचा डोंगर पाहिला तो वाण्याच्या कॅलेंडरवर. तरी कुणाची मुलगी कॅनडाला निघाली, कुणाची सून लंडनला, कुणी नणंदा-भावजया मिळून काश्मीरच्या टूरवर, की लालबाग-परळच काय, पार फणसवाडीतून बायका हिच्याकडे येतात. थंडीत काय घालायचं, कशावर काय घालायचं, कमी खर्चात कसं बसवायचं आणि तरी चारचौघींत उठून कसं दिसायचं, हे ही सांगणार. तेही फुकट. माझा राग इथून सुरू होतो.

कारण मी तेच विकते. दादरच्या फुटपाथवर चादर अंथरून परकर विकण्यापासून मी सुरुवात केली. पालिकेची गाडी आली की चादरीची चार टोकं धरून पळायचं, हे माझं शिक्षण. आज बाजारात माझा स्वतःचा गाळा आहे, आरसा आहे, पंखा आहे. लुधियानाचा कोटांचा व्यापारी माझ्याशी भाव करून उठतो तेव्हा पाणी मागतो. दिवाळीनंतर गाळ्यात परकर-कुर्ते मागे जातात आणि कोट पुढे येतात. मुंबईत थंडी पडत नसेल, पण मुंबईच्या बायका थंडीत जातात, हे मला या बाजारात सगळ्यांच्या आधी कळलं. कळलं, आणि शालूमावशी माझ्याच चाळीत निघाली!

ती गिऱ्हाइकांना घेऊन माझ्याच गाळ्यात येते. का, तर आरसा मोठा आहे. कोट हातात घेते. रंग बघत नाही, किंमत विचारत नाही. कोटाचं कापड तोंडाला लावते, गाल फुगवते आणि फुंकते. पलीकडे तळहात धरलेला असतो. हाताला वारा लागला की मान हलवते.

"ह्यातून माझी फुंकर गेली गो रंजना. थयलो वारो काय नमस्कार करून भायर उभो रवतलो?"

गाळा भरलेला, आणि ही ओळीने माझे कोट फुंकत चाललीय. फू. फू. फू. बायका खुसखुसतात. एकदा एक बाई पैसे काढायच्या बेतात होती, तिने पाकीट बंद करून आधी कोट फुंकून पाहिला. माझ्या डोळ्यांसमोर!

"मावशी, विकायचा माल आहे हा. उष्टा करू नका," मी ओरडले.

"उष्टा कसला? वारा लावून दिला."

भाव करणाऱ्या माणसाचं मला काही वाटत नाही. अर्ध्यात मागा, पाव किमतीत मागा, मी आहे आणि तुम्ही आहात. पण ही भावच करत नाही! कोट परत खुंटीला अडकवते, खांदे सरळ करून नीट अडकवते, आणि निघते. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यापुढे माझ्यासारखीने करायचं काय?

मग तीच गिऱ्हाईक आठ दिवसांनी गॅलरीत दिसते, आणि दिसते अशी की मीसुद्धा वळून बघते. काठ फाटलेल्या जुन्या रेशमी साडीचं लांब बाह्यांचं आतलं शिवलेलं. नवऱ्याचा लोकरी स्वेटर कमरेत घेतलेला. पदपथावर नेपाळी बायका बसतात त्यांच्याकडची जाड पँट. सगळं मातकट, करडं, आणि वर एकच मफलर, गर्द हळदी. "एकच रंग बोलला पाहिजे," मावशीचं म्हणणं. "बाकीच्यांनी गप बसायचं. थंडी आहे म्हणून गाठोडं होऊन फिरायचं नाही."

तिचं दुसरं एक पालुपद आहे. कुणी बाई म्हणाली, "मावशी, याच्यापेक्षा एकच जाडजूड घेतलं तर?" की ही बोट वर करते. "ऊब कपड्यात नसते. दोन कपड्यांच्या मधे जागा असते ना, तिथे असते. जागा ठेव." म्हणून सगळं एक माप मोठं. म्हणून माझे अंगाबरोबर बसणारे कोट बाद.

आणि एवढ्यावर थांबली तर ती शालूमावशी कसली. कपडे बसले की परीक्षा. माझगावला, धक्क्याच्या बाजूला, मासळी ठेवायचं एक जुनं शीतगृह होतं. तिथे दळवी नावाचे एक म्हातारे मुकादम होते. मावशी नटवलेल्या बाईला टॅक्सीत घालून तिथे न्यायची आणि सुरमईच्या पेट्यांच्या मधे उभी करायची. दात वाजले, तर नापास. परत घरी, परत पहिल्यापासून. दळवी दार का उघडून देतात, हे चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं. मी समजले होते, मावशीच्या हातच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीवर पटवलेत.

हे सगळं मी दात-ओठ खात सहन केलं. पण मग माझ्या केतकीला जर्मनीत नर्सची नोकरी लागली.

केतकी माझी एकुलती एक. घरात आम्ही दोघीच. फुटपाथवर बसायचे तेव्हा ती माझ्या मागे कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून अभ्यास करायची. ती जानेवारीत निघणार होती. मी गाळ्यातला सगळ्यात वरचा कोट काढून ठेवला. डाळिंबी रंग, टोपीला मऊ केसांची झालर, चकचकीत चेन. माझ्या मुलीला मी माझ्या गाळ्यातला कोट घालून पाठवणार होते. इतक्या वर्षांच्या उरस्फोडीनंतर एवढं तरी माझ्या मनासारखं व्हायला हवं होतं.

केतकीने कोट घातला, आरशात पाहिलं, "आई, मस्त आहे गं" म्हणाली. मग कोट काढला आणि, माझ्या पोटची पोर, तिने तो तोंडाला लावून फुंकला.

"तुला त्या म्हातारीने शिकवलं हे?"

"शालूआजी म्हणते, एकदा माझगावला येऊन बघ. बस. बघायला काय जातं?"

मी तशीच चपला घालून मावशीच्या दारात गेले. "माझ्या धंद्यावर टपलात, टपलात. आता माझ्या घरात शिरलात?"

मावशी हळदी मफलरची दशी वळत होती. तिने मान वर केली नाही. "तुझा कोट आण. माझेही कपडे आणते. पोरगी सांगेल तिला काय हवं ते. तू पण चल."

"चला! बघूच!"

माझगावला गेलो. दळवींनी जाड लाकडी दार ओढलं, आणि आतून असा काही गारवा अंगावर आला की माझी शिवी घशातच राहिली. केतकी माझा डाळिंबी कोट घालून आत गेली. बर्फाच्या धुरात ती इतकी देखणी दिसत होती की मी मावशीकडे विजयाने पाहिलं. थोड्या वेळाने केतकीने हात काखेत घेतले. मग पाय आपटायला लागली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"छा... छान आहे, आई."

"खरां बोल गो," मावशी म्हणाली.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ जांभळे झाले होते आणि तरी ती माझ्यासाठी हसत होती. मला इतका राग आला! कोटाचा, लुधियानाचा, मावशीचा, त्या मेलेल्या सुरमयांचा. "निघ बाहेर," मी ओरडले.

बाहेरच्या खोलीत मावशीने तिला स्वतःच्या हाताने तयार केलं. रेशमी आतलं, तांबूस स्वेटर, त्यावर करडी बंडी, मग वारा अडवणारं साधं काळं जाकीट. मनगटं ओढून बघितली, मोजे पँटवर चढवले, मफलर गळ्याभोवती असा फिरवला की गाठ दिसली नाही आणि वाराही शिरला नसता. केतकी आत गेली आणि तिथे उभी राहून गप्पा मारायला लागली. मासळीच्या वासाबद्दल तक्रार करायला लागली. थंडीचा शब्द नाही.

मी तोंड फिरवलं. तेव्हा मला खुंटीवरचा स्वेटर दिसला.

दाराशेजारच्या खुंटीवर पुरुषी, तपकिरी, जुना, कोपरांना ठिगळं लावलेला. मावशी त्याच्याजवळून गेली, जाता जाता थांबली, त्याचं वरचं बटण लावलं, खांदे सरळ केले आणि पुढे गेली. गाळ्यात माझे कोट अडकवते ना, अगदी तसंच.

"कुणाचा हो?" मी दळवींना हळूच विचारलं.

"परुळेकरांचा." दळवी मलाच वेड्यात काढल्यासारखे बघत होते. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही? जन्म गेला त्यांचा इथे, या पेट्या उचलण्यात. माझ्या बरोबरीचे. आम्ही सगळे खोकत असायचो, त्यांना कधी शिंक आली नाही. मे महिन्यातसुद्धा वहिनी रोज सगळं स्वतः चढवून बघायच्या, मगच पिशवीत भरून पाठवायच्या. कुठून गार लागलं ते संध्याकाळी विचारायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तिथे ठिगळ."

मी या चाळीत आले तेव्हा परुळेकर भिंतीवर फोटोत होते. "आमचे हे माझगावला कामाला होते," एवढंच मावशी सांगायची. मला वाटलं, असतील कुठे कारकून.

केतकी मावशीचे कपडे घालून जर्मनीला गेली. डाळिंबी कोट मी परत गाळ्यात लावला आणि पहिल्या आलेल्या बाईला भाव न करता देऊन टाकला. नजरेसमोर नको होता मला. फेब्रुवारीत केतकीचा व्हिडिओ कॉल आला. मागे पांढरंफेक. "आई, इथल्या बायका विचारतात, मफलर कुठून घेतला!" मी फोन घेऊन मावशीकडे गेले आणि तिच्या हातात दिला. का दिला, याचाही मला रागच आला.

उन्हाळ्यात माझगावचं शीतगृह बंद झालं. भोवती निळे पत्रे लागले. दळवी एकदा चाळीत येऊन गेले, प्लॅस्टिकची पिशवी मावशीच्या हातात देऊन. त्यानंतर दिवाळी जवळ आली, बायका टूरवर निघाल्या, पण गॅलरीत कुणी घामाघूम उभी दिसेना. काही बायका फोनवरच कपडे मागवायला लागल्या होत्या. आणि ज्या आल्या त्यांनाही मावशीने परत पाठवलं. "आता परीक्षा कुठे घेऊ? बघितल्याशिवाय पाठवत नाही मी कुणाला." स्टूल गॅलरीतून आत गेलं. दार अर्धं लोटलेलं, आत पंख्याचा आवाज.

माझा धंदा जोरात. नवे कोट आले. आरशासमोर झुंबड. आणि एकाही कोटाला कुणी फुंकर मारली नाही. गिऱ्हाईक खुशीत पैसे देऊन जात होतं आणि माझं डोकं तापत होतं. एका दुपारी गाळा रिकामा होता, तेव्हा मी एक कोट उचलून तोंडाला लावला. फुंकर आरपार गेली. लुधियानाला फोन करून मी त्या माणसाचे सात पिढ्यांपर्यंतचे वाभाडे काढले आणि सगळा माल परत पाठवला. तरी डोकं शांत होईना.

शेवटी तशीच तणतणत मावशीच्या दारात गेले.

"मावशी, मला मनालीला जायचंय."

ती कॉटवर बसली होती. "तू? सीझनमध्ये?"

"का, मी माणूस नाही? ग्रुप आहे आमचा. उद्या तिकडे गारठून मेले, तर लोक म्हणतील, शालूमावशीच्या शेजारची होती. तुमचंच नाव जाईल."

"परीक्षा घेता येणार नाही."

"मी केतकीसारखी गोड बोलत नाही. कुठून गार लागलं, ते येऊन तोंडावर सांगेन. भांडेन."

मावशीने पाय कॉटवरून खाली घेतले. मग उठली. ट्रंक ओढली. रेशमी आतलं घातलं, माझ्या दंडात घट्ट होत होतं, तर तिथल्या तिथे उसवून सैल केलं. त्यावर स्वेटर. बंडी. मग कपाटावरची प्लॅस्टिकची पिशवी काढली, थोडा वेळ हातात धरली, आणि आतून तो तपकिरी स्वेटर काढला.

"जरा मोठा होईल," ती म्हणाली. "मोठाच हवा."

खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. पंखा तिने बंद केला होता, मफलर उडतो म्हणून. माझ्या पाठीवरून घामाचे ओहोळ वाहत होते. मनालीला कोण जातंय? ऐन सीझनमध्ये गाळा बंद करून बर्फ बघायला जायला मी काय खुळी आहे? असल्या नसत्या उचापती माझ्याच गळ्यात का पडतात, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होते.

"वाक."

मी वाकले.

"हात वर कर."

मी हात वर केले. मावशी मागे गेली, कंबर चाचपली, पुढे आली, आणि गळ्याशी हात नेऊन अगदी सावकाश वरचं बटण लावलं. खांदे सरळ केले. मग दोन पावलं मागे सरकून डोकं तिरकं करून बघत राहिली.

"उकडता गो?"

घाम डोळ्यांत गेला होता, मला नीटसं दिसतही नव्हतं.

"नाही," मी खेकसले. "अजून एक घाला."