गुंडूआण्णांची सारंगी

डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला आणि गुंडूआण्णांना तिसऱ्यांदा घरी पाठवलं. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशी. मंगळवारी पुन्हा या म्हणाले. दाब उतरला तर मोतीबिंदू काढू, आणखी उशीर झाला तर डोळा हातचा जाईल.

आता ह्या माणसाचा दाब उतरायचा तरी कसा? उभी हयात कोल्हापूरच्या गूळ सौद्यात बोली पुकारण्यात गेलेली. आण्णांनी जेवताना मीठ मागितलं तर अर्ध्या उचगावाला कळायचं की आज आमटी अळणी आहे. त्यात सहा वर्षांपूर्वी कुरुंदवाडच्या बहिणीकडे, तिच्या नातवाच्या जावळाला, भर पंगतीत हे गृहस्थ त्याच आवाजात म्हणाले होते, "ताने, ह्यो पांढरा रस्सा हाय का गरम पाणी?" झालं! तेव्हापासून तानाबाईंनी भावाचा उंबरा ओलांडला नव्हता. दिवाळी जवळ आली की आण्णांचा दाब चढायचा. त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, विषय मात्र कुणी काढायचं नाही.

इलाज सुनेनं आणला. प्रियदर्शनी योगवर्गाला जायची. रविवारी सकाळी तिनं सासऱ्यांना बाहेरच्या सोप्यातल्या कॉटवर उताणं झोपवलं, गळ्यापर्यंत पांढरी चादर घातली, उशाला दोन उदबत्त्या लावल्या आणि स्पीकरवर मंद सारंगी सुरू केली.

"मामा, डोळे मिटा. दीड तास आहे. मधे कुणी बोललं तर पहिल्यापासनं सुरू करायचं. शास्त्रीय संगीतानं घरात शांतता येते."

"आणि न्हाय आली तर?"

"बोललात! थांबा, पहिल्यापासनं."

दुसऱ्यांदा सुरू करून, सासूबाईंना ओठांवर बोट ठेवून बजावून ती वर्गाला निघून गेली. दहाव्या मिनिटाला आण्णांना जी झोप लागली, ती कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

भिंतीपलीकडे गैबीभाई शिलाई मशिनवर बसले होते. त्यांनी कान टवकारले. लहानपणापासून त्यांना एक पक्कं ठाऊक होतं: रेडिओवर सकाळी सकाळी सारंगी लागली की कुणीतरी मोठं माणूस गेलं, आज शाळेला सुट्टी. पण ही तर आण्णांच्या घरातनं येतेय! आणि आण्णांचा आवाज कसा नाही?

ते धावत दारात आले. कॉटवर पांढरी चादर. उदबत्त्या. आतल्या दारात आण्णांच्या पत्नी चिमणाबाई, डोळ्यांतून धारा. कांदा चिरत होत्या बिचाऱ्या.

"वैनी... आण्णा?"

चिमणाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू," त्या कुजबुजल्या, "तोंडाकडं बघा की, किती शांत हाईत."

त्या घरात कुणी कुजबुजलेलं गैबीभाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांची खात्रीच पटली. घरी येऊन त्यांनी आधी कुरुंदवाडला फोन लावला. "ताई, राग असंल तो असू दे. निघा. आण्णा गेलं वो."

अर्ध्या तासात सोप्यात आणि अंगणात तीस माणसं बसली. घरच्यांचंच तोंड बंद, तेव्हा विचारायचं कुणाला? आणि कुरुंदवाडचं माणूस आल्याशिवाय कॉटजवळ जायचं कुणी? गैबीभाईंच्या नजीराभाभींनी रिवाजाप्रमाणे पिठलं-भाकरी आणून ठेवली. चिमणाबाईंना वाटलं, पोरीनं सगळ्यांनाच सारंगी ऐकायला बोलावलंय, जेवणासकट! त्यांनी हसतमुखानं चहा टाकला. बायकांनी ते बघितलं आणि पदर तोंडाला लावले. दुःखानं डोकं फिरलं हो बाईचं!

मग कुणालाच काही काम उरलं नाही. सारंगी तेवढी चालू. माना खाली घालून माणसं बसली आणि बसता बसता ऐकू लागली. केरबा दूधवाल्यानं मोबाइल बंद करून खिशात टाकला. बांधावरून कोर्टात गेलेले दोघं एका सतरंजीवर टेकले, त्यातल्या एकानं दुसऱ्याकडे चहाचा कप सरकवला. खरं सांगायचं तर सगळ्यांनाच फार बरं वाटत होतं, आणि अशा वेळी बरं वाटतंय म्हणून मनातून लाजही वाटत होती.

इतक्यात रिक्षा थांबली. तानाबाईंनी गल्लीच्या तोंडालाच हंबरडा फोडला आणि आत येऊन सरळ भावाच्या छातीवर अंग टाकलं.

"दादा रं! पाणी तर पाणी, म्हण की! जित्ता असतास तर पातेलंभर पाणी पाजलं असतं रं तुला!"

"कोण हाय त्ये?" आण्णा गरजले.

तीस माणसं एका दमात अंगणाबाहेर. केरबा तर कुंपणावरनं गेला. तानाबाई तेवढ्या हलल्या नाहीत. आण्णांना समोर नुसतं धुकं दिसत होतं. त्यांनी हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, ओला लागला.

"ताने? तू हाईस व्हय?"

"व्हय." मग एकदम, "मेला न्हाईस?"

"न्हाय की!"

"मग मला रडवत का आणलंस रं मुडद्या?"

"रड की थोडं. सहा वर्सं मी रडालोय." आण्णांचा आवाज बसला. "माजं चुकलं, ताने."

"आसं बारीक नगं. पंगतीत जेवढ्यानं म्हणालावतास तेवढ्यानं म्हण."

आण्णा चादरीसकट उठून बसले, छाती भरून घेतली. "तानीचा पांढरा रस्सा, अख्ख्या जिल्ह्यात एक नंबर! एक बार, दोन बार, तीन बार!"

सौदा पटला. बाहेरची माणसं एकेक करून आत आली. नजीराभाभींनी पिठलं-भाकरी वाढायलाच घेतली. आता परत कुठं न्यायची? प्रियदर्शनी परतली तेव्हा घरात जत्रा भरलेली आणि सासरे तोंडात घास घेऊन बहिणीशी भांडताना दिसले. तिनं कपाळावर हात मारला, आणि लगेच त्यांच्या दंडाला दाब मोजायचा पट्टा बांधला.

एकशे तीस. तिनं परत बांधला. एकशे तीसच.

"बघा, सारंगीनं काम केलं!"

पोरीचं चुकलं, असं कुणाला म्हणवेना.

मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता रोज सकाळी उचगावात सारंगी लागते, आणि लागली की भिंतीपलीकडून आधी विचारणा होते, "आण्णा, हायसा न्हवं?"

"हाय की रं!"

मग आण्णा कुरुंदवाडला फोन लावतात आणि तो स्पीकरजवळ ठेवून आडवे होतात. दोन्हीकडे दीड तास कुणी बोलत नाही. शेवटचा सूर विरायला आला, पलीकडे फोन ठेवायची वेळ झाली, की आण्णा एक डोळा उघडून सुनेकडे बघतात आणि मोठ्यानं म्हणतात, "ताने, रस्सा कवा करणार?"

"बोललास!" पलीकडून तानाबाई ओरडतात. "आता पहिल्यापासनं!"